हरिद्वारला गेलेला मुनीम आणि कलम ८

मागे बसलेत त्यांनी पुढे या जरा, जागा आहे. लॉच्या फर्स्ट इयरला कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे कराराचा कायदा, सुरू झाला की पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या हातात गाईड दिसतं, आणि ज्या कायद्यावर पेपर आहे त्याचा बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे टीपा नसलेला मूळ मजकूर, मात्र कोरा राहतो. याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून आज फक्त तो वाचायचा कसा तेवढंच बोलू.

कायदा १८७२ चा, इंडियन कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट. उघडलात की कलम ७५ नंतर एकदम १२४ येतं, दरवर्षी कुणीतरी विचारतंच सर पानं गळालीत का. नाही गळाली. मधली मालविक्रीची कलमं होती, त्यांचा १९३० ला वेगळा कायदा झाला, शेवटची पार्टनरशिपची होती ती १९३२ ला गेली.

आता लालमन शुक्ल. १९१३ ची केस, अलाहाबाद हायकोर्ट. कानपूरच्या गौरी दत्त यांचा पुतण्या घरातून निघून गेला, लालमन त्यांच्या पेढीवर मुनीम, मुलाला शोधायला लालमनला हरिद्वारला पाठवलं, आणि तो तिकडे गेल्यावर इकडे मालकांनी हँडबिलं काढली की मुलगा शोधून देईल त्याला ५०१ रुपये. लालमनला मुलगा सापडला. बक्षिसाचं त्याला नंतर कळलं, त्याने दावा लावला, आणि हरला.

हा अन्याय आहे असं तुम्हाला वाटतंय ना? वाटू द्या, ते घालवू नका. पण आता कलम ८ काढा. प्रस्तावातल्या अटी पूर्ण केल्या की ती स्वीकृती होते, असं तिथे आहे. मग लालमनने अट पूर्ण केलीच की! तो हेच म्हणत होता, आणि नुसतं ८ वाचलं तर त्याचं बरोबरच वाटतं. म्हणून मागे जा, कलम २ चा (बी) वाचा, ज्याच्यापुढे प्रस्ताव ठेवलाय त्याने संमती द्यायला हवी, आणि ज्याला प्रस्ताव आहे हेच माहीत नाही तो संमती देणार कशाला? शिवाय मुलगा शोधणं हे त्याला नेमून दिलेलं काम होतंच, कोर्टाने तेही धरलं.

तर एक कलम एकटं कधी वाचू नका, व्याख्येचं पान कायम उघडं ठेवा, आणि वाक्य मोठ्याने वाचा, लाजू नका, इंग्रजी अडलं तर मराठीत लिहून काढा.

उद्या मोहरी बीबीची १९०३ ची केस घेऊ, अज्ञान, म्हणजे कायद्याने वयात न आलेल्या, मुलाने सावकाराकडे घर गहाण टाकलेलं. येताना कलम १० आणि ११ वाचून या. अज्ञान माणसाचा करार व्हॉइड, म्हणजे मुळातच निरर्थक, की व्हॉइडेबल, म्हणजे एका पक्षाला हवा तर रद्द करता येणारा, हे त्या दोन्ही कलमांत कुठेच स्पष्ट लिहिलेलं नाही, तुम्हीच शोधून बघा, आणि मग प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील कोर्टाने, ते कुठून काढलं यावर बोलू.