साठवणीची जागा टाइल्स लागण्याआधी ठरवा

बाथरूमचा आराखडा काढायला बसलं की कागदावर आधी कमोड येतो, मग बेसिन, मग शॉवर. कपाट सुचतं ते टाइल्स लागून गेल्यावर, बाटल्या खिडकीच्या कट्ट्यावर साचायला लागल्या की. तोवर भिंतीच्या आत काही करण्याची वेळ निघून गेलेली असते. म्हणून आज क्रम उलटा घेऊ. काय ठेवायचं आहे ते आधी पाहू आणि भिंती त्याप्रमाणे ठरवू.

वस्तू मोजून पाहा. शॅम्पूची बाटली 20 ते 25 सेंटीमीटर उंच असते, पण तिची जाडी 7-8 सेंटीमीटरच. टॉयलेट रोल साधारण 11 सेंटीमीटरचा. दाढीचं सामान, औषधं, साबण, सगळं यातच बसतं. खरी खोल जागा लागते ती दोनच गोष्टींना: घडी केलेले टॉवेल आणि सफाईचं सामान. म्हणजे बहुतेक साठवण 12 ते 15 सेंटीमीटर खोलीच्या उथळ कपाटात मावते. 45 सेंटीमीटर खोल कपाटात मागची रांग कुणी बघत नाही, तिथे संपलेल्या बाटल्या गोळा होतात.

आता मापं. सगळी मापं टाइल्स लागल्यानंतरची धरा. गिलावा, टाइल आणि तिच्यामागचा मसाला मिळून प्रत्येक भिंत 3 ते 4 सेंटीमीटर पुढे येते. विटांपासून माप घेतलं की खोली दोन्ही बाजूंनी मिळून 6 ते 8 सेंटीमीटरनी कमी निघते. याचा सर्वांत मोठा फटका जमिनीत आउटलेट, म्हणजे मैला जाण्याचं भोक, असलेल्या कमोडला बसतो. भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर कमोडच्या मॉडेलप्रमाणे ठरलेलं असतं. ते विटांपासून मोजलं तर टाइल लागल्यावर टाकी भिंतीला अडते आणि कमोड भोकावर बसतच नाही.

उदाहरण म्हणून तयार माप 150 बाय 240 सेंटीमीटर घ्या, म्हणजे साधारण पाच बाय आठ फूट. दार आखूड भिंतीत आहे आणि तिन्ही गोष्टी एकाच लांब भिंतीवर ओळीने येतात: दाराजवळ बेसिन, मध्ये कमोड, शेवटी शॉवर. शॉवरला 90 सेंटीमीटर द्या. कमोडच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना किमान 38 हवेत, म्हणजे 76. उरले 74, ते बेसिनला पुरतात. ओलं कोरड्यापासून आपोआप वेगळं होतं आणि पाण्याचे सगळे नळ एकाच भिंतीत राहतात. कमोड मात्र मैल्याच्या उभ्या पाइपजवळच ठेवा. त्याचा आडवा पाइप 11 सेंटीमीटर व्यासाचा असतो, त्यात उतार मिळवायचा. कमोड लांब सरकवला की हे सगळं झाकायला फरशीच उचलावी लागते आणि दारात पायरी तयार होते.

साठवण येते ती याच लांब भिंतीत. विटेची अर्धी भिंत, म्हणजे सुमारे 10 सेंटीमीटरची, कोनाडा खोदायला घेऊ नका. पाइपसाठी झिऱ्या, म्हणजे चर, पाडल्यावर तिच्यात काहीच उरत नाही. त्याऐवजी तिच्यापुढे कमोड आणि शॉवरच्या भागात 15 सेंटीमीटर जाडीची, 115 ते 120 सेंटीमीटर उंचीची दुसरी बुटकी भिंत उभारा. पाइप तिच्यामागे जातात, मूळ भिंत फोडावी लागत नाही, फ्लशची कन्सील्ड, म्हणजे भिंतीत लपणारी, टाकीही तिथेच बसते. आणि वर सलग 166 सेंटीमीटर लांबीचा कट्टा मिळतो.

यात जागा वाया जाते असं लगेच वाटतं. हिशेब करून बघा. जमिनीवर बसणारा टाकीसकट कमोड भिंतीपासून 65 ते 70 सेंटीमीटर पुढे येतो. भिंतीला टांगलेला कमोड 52 ते 55 येतो, त्यात भिंतीचे 15 मिळवले तरी बेरीज तीच. समोर 80 सेंटीमीटर मोकळे राहतात. बेसिनपाशी मात्र ही भिंत थांबवा, म्हणजे 45 सेंटीमीटरचं कपाट मूळ भिंतीला टेकतं आणि दाराच्या बाजूला 105 मोकळे मिळतात. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. आत उघडणारं दार जागा तर खातंच, शिवाय आत कुणी पडलं तर उघडता येत नाही.

कट्ट्याला शॉवरच्या बाजूने 2-3 मिलिमीटर उतार द्या. सपाट ठेवला की साबणाचं पाणी भिंतीच्या कोपऱ्यात थांबतं आणि तिथला जोड आधी काळा पडतो, मग सुटतो. वॉटरप्रूफिंग कट्ट्यावरून वळवून मागच्या भिंतीवर चढवायचं. हे पुष्कळदा राहून जातं. फरशीत पाणी भरून चाचणी घेतली तरी ही चूक पकडली जात नाही, कारण तेवढ्या उंचीवर पाणी पोचतच नाही. कमोडच्या वरच्या भागात याच कट्ट्यावर 15 सेंटीमीटर खोल बंद कपाट छतापर्यंत नेता येतं, उठताना डोकं लागत नाही. फक्त फ्लशची प्लेट उघडी राहू द्या. टाकीची दुरुस्ती तिथूनच होते.

बेसिनखालच्या कपाटात दरवाज्यांपेक्षा ड्रॉवर बरे, वाकून शोधावं लागत नाही. पण वरच्या ड्रॉवरच्या आड नेमका बेसिनचा ट्रॅप, म्हणजे वास अडवणारा वळणदार पाइप, येतो. म्हणून सुताराला आधी ट्रॅपचं माप द्या आणि ड्रॉवर मागून यू आकारात कापून घ्या. अँगल कॉक, म्हणजे बेसिनचं पाणी बंद करायचे छोटे नळ, ड्रॉवर काढल्यावर हाताला यायला हवेत. कपाट जमिनीपासून 20 ते 25 सेंटीमीटर वर टांगा, फडकं खालून फिरतं. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड, टाळा; पाण्याला जास्त टिकणारा मरीन प्लाय घ्या. तोही फुगतो, आणि सुरुवात होते पाइपसाठी पाडलेल्या भोकाच्या कडेपासून, कारण समोरच्या कडांना पट्टी लागते आणि ते भोक तसंच राहतं. त्यावर सिलिकॉन फिरवायला पाच मिनिटं लागतात.

आरशामागचं कपाट 15 सेंटीमीटरपेक्षा खोल नको, तोंड धुताना कपाळ आपटतं. एक्झॉस्ट फॅन शॉवरच्या बाजूला लावा आणि दाराखाली दीड सेंटीमीटर फट सोडा. हवा आत यायला वाट नसेल तर पंखा नुसता आवाज करतो आणि कपाटातले टॉवेल दमट राहतात.

शेवटचं काम फुकट आहे. पाइप आणि वायरी झाकल्या जाण्याआधी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढा. एक पट्टी तयार फरशीच्या पातळीपासून उभी, दुसरी कोपऱ्यापासून आडवी. टॉवेलचा दांडा, आरसा, ग्लासचं स्टँड, हे सगळं नंतरच लागतं, आणि ड्रिल कुठे चालवायचं नाही ते त्या फोटोतच दिसतं.