हा दगड इथं आला कसा?

नमस्कार मंडळी. फलकावर विषय लिहिलाय, ‘नवख्यांसाठी बोल्डरिंगच्या जागा’. समोर बसलेल्या बहुतेकांनी कृत्रिम भिंतीवर हात चालवलेले आहेत, तेव्हा बोल्डरिंग म्हणजे दोराशिवाय बुटक्या धोंड्यांवर चढणं, यापलीकडे समजावत बसत नाही. जागांची नावं शेवटी देईन. त्याआधी एक प्रश्न घेतो. कुठल्याही धोंड्यासमोर उभं राहिलात की तो सर्वांत आधी विचारायचा: हा दगड इथं आला कसा?

आपला सह्याद्री बेसॉल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर साचले. घट्ट थरांचे उभे कडे झाले. मधले थर वायूच्या पोकळ्यांनी भरलेले, ठिसूळ. त्यांची झीज होऊन उतार झाले. खालचा मऊ थर झिजला की वरच्या कड्याचा आधार जातो आणि उभ्या भेगांवरून त्याचे तुकडे सुटतात. म्हणजे कड्याच्या पायथ्याशी तुम्हाला जो भलामोठा धोंडा दिसतो, तो वरून पडलेला आहे. यातून दोन गोष्टी निघतात. तो पडलाय घसाऱ्यावर, म्हणजे उतारावर. आणि तो जिथून आला तिथून आणखीही येऊ शकतात. पावसाळा संपल्यानंतरचे काही आठवडे तर हमखास. एरवीही वरून वानरं जातात, बकऱ्या जातात, आणि खाली कोण लटकलंय याची चौकशी करायची बकऱ्यांना सवय नसते.

माझी तक्रार इथंच आहे. नवख्या मुलांना पहिल्यांदा नेतात ते नेमकं याच घसाऱ्यावर. वाट जवळ असते, दगड देखणा असतो, फोटो चांगला येतो. पण उतारावर टाकलेला क्रॅश पॅड, म्हणजे पडल्यावर धक्का झेलणारी फोमची गादी, पहिल्या उडीलाच खाली सरकतो. मग पॅडखाली दगड रचून सपाटी करतात. दोन-चार उड्यांनंतर ते दगड हलतात, पॅडला मधेच खळगा पडतो, आणि पुढच्याचा घोटा त्यात मुरगळतो. पडलेला माणूस पॅडवर थांबत नाही, उताराच्या बाजूला लोळत जातो. त्याला सावरायला उभा असलेला स्पॉटर स्वतःच घसाऱ्यावर तोल सांभाळत असतो, तो दुसऱ्याला काय सावरणार?

भिंतीवर शिकलेल्यांना हे लवकर दिसत नाही, यात त्यांचा दोष नाही. २०१६ आणि २०१७ साली नवी मुंबईत बोल्डरिंगच्या विश्वचषकाच्या फेऱ्या झाल्या, तेव्हा भिंतीखालची जाड, सलग गादी पाहिली असेल. तिथं खाली बघायची गरजच नसते. बाहेर आल्यावर मात्र चढाईआधी जमीन वाचावी लागते.

त्यासाठी एक साधी चाचणी सांगतो. दगडाला पाठ न दाखवता, नजर पकडींवर ठेवून, मागं मागं दोन मीटर चाला. पाय अडखळला तर तो दगड नवख्यांचा नाही. ओव्हरहँग, म्हणजे वरचा भाग बाहेर झुकलेला दगड, असेल तर पाय सुटल्यावर शरीर बाहेर झुलतं, म्हणून तिथं तीन मीटर. पॅड साधारण एक मीटर बाय सव्वा मीटर असतो, जाडी दहा सेंटिमीटरच्या आसपास. एकाने भागत नाही. दोन जोडले तर कडा एकमेकींवर चढवा, मधे फट ठेवू नका. पाऊल बरोबर त्या फटीत जातं. कडक फोमची बाजू वर. घरची काथ्याची गादी आणू नका, ती धक्का शोषत नाही. स्पॉटरने अंगठे बोटांना चिकटवून हात वर धरायचे. झेलायचं नाही, कंबरेला आणि खांद्यांना दिशा देऊन माणूस पॅडवर आणायचा, डोकं वाचवायचं. पडणाऱ्याने गुडघे वाकवून पाठीवर लोळायचं. हात मागं टेकले की मनगट जातं.

आता दुसऱ्या प्रकारचा दगड. हंपीचा ग्रॅनाइट कुठून पडलेला नाही. भेगांतून पाणी मुरून कोपरे झिजले आणि गोल धोंडे जागच्या जागी उरले. त्यामुळे आनेगुंदी, सणापूरकडे अनेक दगडांखाली सपाट जमीन किंवा वाळू मिळते, आणि कलत्या स्लॅबवर नुसत्या पायांच्या घर्षणाने चढता येतं. नवख्यांनी पहिली मोठी सहल तिकडं करावी असं मी आग्रहाने म्हणतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर. ग्रॅनाइटचे स्फटिक बोटांची सालं काढतात, तेव्हा दोन दिवसांमागे एक दिवस विश्रांती धरा.

हिमालयात सेठनसारख्या ठिकाणी गवताळ कुरणांवर मोठे दगड आहेत. जमीन उत्तम, पण उंचीची सवय होऊ द्यावी लागते. नदीपात्रातले दगड मात्र दिसतात सोपे आणि असतात अवघड. पाण्याने घासून गुळगुळीत झालेल्या कातळावर पकडच उरत नाही. निघोजचे रांजणखळगे बघायला जा, चढायला नको.

आणि एक राहिलंच. धोंड्याला शेंदूर असेल, हळदकुंकू असेल, तर तो म्हसोबाचा किंवा आणखी कुठल्या देवाचा आहे. त्याच्यावर पाय ठेवायचा नाही, शेजारच्यावरही गावात विचारल्याशिवाय नाही. लेण्यांच्या, किल्ल्यांच्या संरक्षित कातळावर चॉकचा, म्हणजे पकडीसाठी हाताला लावायच्या पांढऱ्या भुकटीचा, डागही नको.

संयोजक घड्याळ दाखवतायत, पाच मिनिटं आहेत. तेव्हा जागांचं भरभर सांगतो.

सह्याद्रीत नवख्यांनी कड्यापासून दूर, पठारावर किंवा शेताच्या कडेला सुटा पडलेला धोंडा शोधावा. उंची तीन मीटरच्या आत. चढायच्या आधी उतरायची वाट बघा. मागून चालत उतरता येत नसेल तर दगड सोडा. माथ्यावर आधी मागून जाऊन माती, गवत, सुटे खडे झाडून घ्या, कारण शेवटी अंग वर ओढताना हात तिथंच पडतो. प्रत्येक पकडीवर तळव्याने थाप मारा. पोकळ आवाज आला तर ती पापुद्र्यासारखी सुटेल. ब्रश नायलॉनचा, तारेचा नाही. काळा बेसॉल्ट दुपारी तापतो, म्हणून हिवाळ्यात सकाळी पश्चिमेची बाजू घ्या, सावली टिकते. ओव्हरहँगखाली आग्या मोहोळ असेल तर मागं फिरा. पॅड टाकण्याआधी काठीने जागा हलवा, लहान दगडांखाली फुरसं असतं.

मुंबईकरांना मुंब्र्याचे धोंडे जवळ आहेत. पहिल्यांदा तिथल्या माहितगाराबरोबर जा. कुठंही गेलात तरी गाडीरस्ता वीस मिनिटांच्या आत हवा, कारण घोटा मोडलेल्याला उचलून आणायचं असतं. सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं जवळचं रुग्णालय कुठलं, हे निघण्याआधी फोन करून विचारून ठेवा. पॅड आणि ब्रश मागच्या टेबलावर मांडलेत, बाकीचे प्रश्न तिथं घेऊ.