लिंक गेली कोठी?

(खामगाव तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात दिलेलं व्याख्यान, थोडी काटछाट करून.)

मंडळी, मागच्या महिन्यात रेशन दुकानाच्या पायरीवर एक आजी मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. सकाळपासून. मशीन अंगठा घेत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "लिंक नाई म्हंते बापू." मग मलाच उलटा प्रश्न: "पन गेली कोठी थे लिंक?" आज तेवढंच सांगायला उभा आहे.

तार आपल्याला नवी नाही. १८७० साली लॉर्ड मेयोने खामगावचा रेल्वेफाटा उघडला आणि त्याच वर्षी मुंबईहून एडन, सुएझमार्गे इंग्लंडपर्यंत समुद्राखालून तार गेली. लिव्हरपूलचा व्यापारी वऱ्हाडचा कापूस तारेने मागवू लागला. तार आली ती कापसासाठी, पेरणाऱ्यासाठी नाही, पण ते असो. पुढे टेलिफोन आला, त्यात अडचण अशी की एका बोलण्यासाठी अख्खी वाट अडून राहायची. वाट मध्ये तुटली की बोलणं संपलं.

१९६०च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन नावाचा इंजिनिअर अणुबॉम्ब पडला तरी निरोप कसा पोचेल याचा विचार करत होता. तिकडे इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस स्वतंत्रपणे त्याच युक्तीपाशी आला. युक्ती अशी: निरोपाचे तुकडे करून वेगवेगळे पाठवायचे. अशा तुकड्याला 'पॅकेट' हा शब्द डेव्हिसचा. आपण वऱ्हाडी, तर वऱ्हाडाचंच उदाहरण घ्या. लग्नाला अकोल्याला जायचंय. सगळे एकाच गाडीत कोंबायचे नाहीत. चार जीपा करा, प्रत्येकीला नंबर द्या. एक बाळापूरवरून जाईल, दुसरी शेगाव-गायगाववरून. रस्ता बंद दिसला की वळेल. मांडवात नंबर मोजून घ्यायचे. तीन नंबरची आली नाही, तर तीच परत पाठवा. इंटरनेट म्हणजे हेच, फक्त इथे गेलेल्या जीपची नक्कल पाठवता येते. नवरदेवाच्या बाबतीत ती सोय नाही.

२९ ऑक्टोबर १९६९ला कॅलिफोर्नियात दोन कॉम्प्युटर असे जोडले. अंतर साडेपाचशे किलोमीटर, जवळपास मुंबई ते अकोला. 'लॉगिन' टाइप करायचं होतं. 'एल' गेलं, 'ओ' गेलं, आणि पलीकडचा कॉम्प्युटर बसला. म्हणजे लिंक पहिल्याच दिवशी गेली होती! वेगवेगळ्या नेटवर्कांनी एकमेकांशी बोलायचे नियम विंट सर्फ आणि बॉब कान या अमेरिकी इंजिनिअरांनी १९७४मध्ये मांडले, ते १ जानेवारी १९८३पासून कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या त्या पहिल्या नेटवर्कवर लागू झाले. टिम बर्नर्स-ली यांचं वेब, म्हणजे एकमेकांना जोडलेली वेबसाइटची पानं, त्यानंतरचं. वेब म्हणजे इंटरनेट नव्हे. रस्ता वेगळा, त्यावरचा बाजार वेगळा.

आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगमकडून, तेही मोठ्या शहरांत. वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. गुलाबी बोंडअळीचा तीन एमबीचा फोटो कृषी सहायकाला पाठवायला त्या वेगाने चाळीस मिनिटं लागली असती.

आता आजीची लिंक. त्या दिवशी टॉवर उभा होता, मोबाइलवर दांड्याही होत्या. मी फाट्यावर गेलो. रस्ता रुंद करताना जेसीबीने फायबर, म्हणजे टॉवरला पुढे जोडणारी जमिनीखालची काचेची तार, तोडली होती. खड्ड्यात एक पोरगा छत्री लावून बसला होता. केसाएवढी काच पुसायची, कापायची, दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर धरायची. ठिणगी पडते, काच वितळून एक होते. अशा चोवीस तारा. मी विचारलं, दुसऱ्या रस्त्याने का नाही वळत? तो म्हणाला, "काकाजी, दुसरी लाइनच नाही."

अणुबॉम्बाचा विचार करून सुचलेली युक्ती आणि तिला आमच्या गावात जेसीबी पुरला! ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना २०११ची. पण एकाच बाजूने आलेली लाइन तुटली की पुढचं सगळं अंधारात. त्याच योजनेच्या २०२३मध्ये मंजूर झालेल्या नव्या रूपात, सुधारित भारतनेटमध्ये, म्हणूनच रिंग आहे, म्हणजे लाइन दोन्ही बाजूंनी. आपलं गाव त्या रिंगमध्ये येतं का, हे पुढच्या ग्रामसभेत विचारायचं मी ठरवलंय. सोबत कोण येतं ते सांगा.

आजीला धान्य तिसऱ्या दिवशी मिळालं.