उत्तरेचा तिरपा प्रकाश

नॉर्वेच्या लोफोटेन द्वीपसमूहातील हे हाम्नॉय गाव सुमारे ६८ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे ध्रुववृत्ताच्याही पलीकडे आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सूर्य येथे भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम पाच-सहा अंश वर येतो. त्याच दिवशी नाशिकमध्ये तो ५० अंशांच्या वर असतो. इतक्या तिरप्या किरणांना वातावरणातून कितीतरी अधिक अंतर कापावे लागते, त्या वाटेत निळा प्रकाश विखुरला जातो, आणि गोदाकाठी सूर्योदयानंतर काही मिनिटेच टिकणारा सोनेरी रंग येथील डोंगरांवर, आकाश निरभ्र असेल तर, मावळतीपर्यंत रेंगाळतो.

ट्रायपॉडपाशी उभे असलेले छायाचित्रकार नाशिकचे आहेत. फ्लॅश वापरायचा नाही आणि नंतर संगणकावर रंग चढवायचा नाही, हा नेम ते कसोशीने पाळतात. निसर्गचित्रणात तोच योग्य आहे, असे आम्हालाही वाटते.

बर्फाचे चित्र घेताना कॅमेऱ्यातील प्रकाश मोजणारा मीटर फसतो. समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे तो गृहीत धरतो, त्यामुळे पांढराशुभ्र बर्फ मळकट उमटतो. हातमोज्यातून मोकळी ठेवलेली दोन बोटे आता जी चकती फिरवत आहेत, ती एक्सपोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश, एक ते दीड स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवण्यासाठी; त्यानंतर हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातील उजळ-गडद छटांचा आलेख, पाहूनच ते शटर दाबतात. थंडीत बॅटरी भराभर उतरते, म्हणून जादा बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेत असतात. उबदार खोलीत शिरण्यापूर्वी कॅमेरा बाहेरच पिशवीत घट्ट बंद केला जातो, नाहीतर लेन्सवर बाष्प धरते.

नाशिकला सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो आणि लगेच अंधारते; येथे तो क्षितिजाला घासत तिरका जातो, त्यामुळे संधिप्रकाश खूप वेळ टिकतो. वातावरणातील ओझोन नारिंगी-पिवळा प्रकाश शोषून घेतो आणि बर्फासकट सारा आसमंत निळा होतो. आता शटर काही सेकंद उघडे आहे. काठावरच्या लाल घरांच्या खिडक्यांतील दिवे हाच या चौकटीतला एकमेव कृत्रिम प्रकाश आहे, आणि तो गावकऱ्यांचा आहे.

लाकडी मांडवांवर वाळत घातलेले हे कॉड मासे मे महिन्यापर्यंत असेच टांगलेले राहतील.

अशा चित्रांनी येथे पर्यटकांची गर्दीही ओढून आणली असून उन्हाळ्यात बेटांवरचे अरुंद रस्ते गाड्यांनी भरून जातात.

नाशिकच्या प्रदर्शनासाठी निवडलेल्या प्रत्येक चित्राखाली ठिकाण, वेळ आणि एक्सपोजर एवढीच नोंद असेल.