वू: पाऊल आणि शस्त्र

(कुंचला, पांढरा कागद)
एकूण आठ फटकारे. शेवटचा ठिपका पडला, की अक्षर पुरं होतं. हे चिनी अक्षर म्हणजे वू. वुशू या चिनी युद्धकलेतला वू हाच. जपानी लोक याला ‘बु’ म्हणतात. ‘बुशी’ म्हणजे योद्धा, त्यातला बु. अर्थ युद्धाचा, सैन्याचा, पराक्रमाचा.

(आनयांग, कोरलेलं हाड, जवळून)
तीन हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये, इथं आनयांगला, शांग घराण्याचे राजे देवांना कौल लावत. बैलाच्या खांद्याचं हाड किंवा कासवाच्या पोटाकडचं कवच तापवायचं, तडे वाचायचे, प्रश्न तिथंच कोरायचा. त्या कोरीव लिपीतला हा वू नीट पाहा. लांब दांड्याला आडवं बसवलेलं पातं, आणि त्याच्याखाली माणसाचं पाऊल. शस्त्र घेऊन चाल करणं, असा आज बहुतेक अभ्यासक याचा अर्थ लावतात.

(पिवळी नदी, गढूळ पाणी)
ख्रिस्तपूर्व ५९७. याच नदीच्या मुलखात, बी इथं, छू राज्यानं जिन राज्याचा धुव्वा उडवला. पळणाऱ्या सैनिकांची होड्यांसाठी झुंबड उडाली. ‘झ्वो झ्वान’ हा इतिहासग्रंथ सांगतो: होड्यांत तुटलेली बोटं ओंजळीनं उचलावी इतकी पडली होती.

छूच्या विजयी राजाला सल्ला मिळाला, शत्रूच्या प्रेतांचा ढीग रचून त्यावर माती लोटा, पुढच्या पिढ्यांना पराक्रम दिसू दे. राजा झुआंग नको म्हणाला. पावलाच्या त्या चिन्हाला तोवर ‘थांबणं’ हा अर्थ आला होता. राजानं अक्षर तसंच वाचलं: शस्त्र थांबवणं म्हणजे वू. मग त्यानं वूचे सात गुण मोजले. हिंसेला आवर, शस्त्रं म्यान, प्रजेला स्वास्थ्य, लोकांत सलोखा... आणि म्हणाला, यांतला एकही माझ्यापाशी नाही. दोन्ही राज्यांच्या माणसांची हाडं मी उघड्यावर टाकली.

हे विजयी राजा बोलतोय, आणि तेही रणांगणावर. म्हणून ही व्युत्पत्ती हाडांवरच्या कोरीव लिपीच्या पुराव्याला धरून नाही एवढ्यावर ती मोडीत काढणं आम्हाला पटत नाही.

(जुन्या कोशाची पानं)
इसवी सन १०० मध्ये शू शन यानं नऊ हजारांहून अधिक अक्षरांचा कोश पुरा केला. वूपाशी त्यानं राजाचंच वाक्य दिलं. हाडांवरची लिपी त्याच्यासमोर नव्हती. विद्वानांनी ती ओळखली १८९९ मध्ये.

(वुशूचा सराव, मुलं)
राजाचं ते वचन चिनी भाषेत चार अक्षरांत मावतं. ते आजही म्हणीसारखं वापरलं जातं.