टिंब हलतंय का?

नमस्कार श्रोतेहो. आज नव्या मॉनिटरबद्दल बोलू. म्हणजे कुठला घ्यावा ते नाही, ते सांगणारे भरपूर आहेत. घेऊन झालाय, खोकं उघडलंय, टेबलावर लावलाय, पहिला अर्धा तास अगदी मजेत गेलाय आणि मग रात्री दिवा मालवल्यावर खालच्या कोपऱ्यात काहीतरी पिवळट धुरकट उजेड दिसतो, तिथून पुढचं बोलू. कारण तिथून माणसाची झोप उडते. हे असंच असतं, की नेमका माझ्याच वाट्याला खराब पीस आला?

मी ह्यात एकच प्रश्न विचारायला शिकलोय. हलतंय का? बस. आणि तो प्रश्न मी कसा शिकलो त्याची गंमत सांगणारच आहे, ती सांगितल्याशिवाय मला आज चैन पडायची नाही, पण आधी थोडं कामाचं.

तो कोपऱ्यातला उजेड घ्या. आयपीएस पॅनल, म्हणजे स्क्रीनच्या पडद्याचा एक प्रकार, असेल तर काळ्या स्क्रीनवर कोपऱ्यात अशी चमक दिसतेच. आता काय करायचं, खुर्चीतून डोकं हलवायचं. डावीकडे न्या, उजवीकडे न्या, दोन हात मागे सरका. चमक कमी झाली, जागा बदलली, तर तो पॅनलचा स्वभाव आहे, दुसरा पीस मागवलात तरी त्यातही असणार. आणि तुम्ही हललात, पण उजेड जागचा हललाच नाही, कडेपासून आत झिरपल्यासारखा तिथेच राहिला, तर तो बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, फटीतून गळतोय. थोडी गळती बहुतेकांच्यात असते, पण रोजच्या ब्राइटनेसला, रोजच्या उजेडात बसून एखादा सिनेमा बघताना ती डोळ्यात खुपत असेल तर बेलाशक तक्रार करा. पुन्हा सांगतो, डोकं हलवल्यावर बदललं तर स्वभाव, नाही बदललं तर शंका घ्या.

आणि कृपा करून मोबाइलने फोटो काढून त्यावरून ठरवू नका. अंधारात मोबाइलचा कॅमेरा मिळेल तेवढा उजेड ओढून घेतो, त्या फोटोत चांगला मॉनिटरसुद्धा आग लागल्यासारखा दिसतो. ब्राइटनेस शंभरवर, खोलीत मिट्ट काळोख, समोर नुसती काळी स्क्रीन, आणि पाव फुटावर नाक. अहो, असं रोज कोण बसतं?

बरं, आता टिंब.

माझा मॉनिटर सत्तावीस इंची. चष्म्याचा नंबर वाढल्यामुळे मी अक्षर मोठं ठेवतो, लाज वाटायचं कारण नाही. तर तिसऱ्या की चौथ्या दिवशी संध्याकाळी मी अशाच एका भाषणाची स्क्रिप्ट टाईप करत होतो, आणि वाचताना दिसलं की मी 'तो गेला' लिहिलंय तिथे 'तों गेला' झालंय. 'तो'वर टिंब. म्हटलं चुकून अनुस्वार पडला असेल. बॅकस्पेस मारला, शब्द गेला, टिंब राहिलं. पुन्हा टाईप केला, पुन्हा 'तों'. मला वाटलं कीबोर्डचा लेआउट बिघडला. कीबोर्ड काढून लावला. फॉन्ट बदलला. कॉम्प्युटर रीस्टार्ट करायला निघालो होतो आणि तेवढ्यात सहज माउसचं चाक फिरलं, मजकूर वर सरकला, आणि टिंब तिथेच. खालची ओळ त्याच्या खाली आली आणि आता ते 'घर'वर जाऊन बसलं, 'घंर'.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. हे अक्षरातलं नाही, हे स्क्रीनमधलं आहे. डेड पिक्सेल!

इथे दोन मिनिटं पिक्सेलचं, म्हणजे ज्या बारक्या ठिपक्यांनी चित्र बनतं त्यांचं, सांगून टाकतो. साध्या फुल एचडी स्क्रीनवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात, आणि प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन बारके भाग, म्हणजे ६२ लाखांच्या वर दिवे म्हणा ना. अख्खा पिक्सेल कायमचा विझला तर काळा ठिपका, त्यातला एखादा भाग कायमचा अडकून पेटता राहिला तर लाल, हिरवा किंवा निळा ठिपका. आता ह्यातले किती चालवून घ्यायचे ह्याचं चक्क आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ९२४१-३०७, २००८ सालचं, आणि त्याच्या आधी २००१ चं आयएसओ १३४०६-२ होतं. त्या जुन्या मानकातल्या दुसऱ्या वर्गात दर १० लाख पिक्सेलमागे दोन कायम पेटलेले, दोन कायम विझलेले आणि एखादाच रंगीत भाग बिघडलेले पाच असले तरी माल पास. म्हणजे फुल एचडीला दुप्पट धरा, चार पांढरे, चार काळे आणि वर दहा रंगीत. कागदावर पास! म्हणून खोक्यावर 'मानकानुसार' असं छापलेलं वाचून खूश होऊ नका, कंपनीची स्वतःची पिक्सेल पॉलिसी काय म्हणते ते बघा, काही कंपन्या एकही पेटता ठिपका चालवून घेत नाहीत, काही हात वर करतात. आणि त्याहून महत्त्वाचं, विक्रेत्याची परत घ्यायची मुदत किती दिवसांची आहे ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा. मुदतीत वाद घालावा लागत नाही. मुदत. आणि खोकं फेकू नका. खोकं आणि मुदत, दोन्ही सांभाळा.

तर मी तक्रार केली. फोनवरच्या माणसाने फार सभ्यपणे सांगितलं की सर, पांढऱ्या स्क्रीनचा पूर्ण फोटो पाठवा. पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, फोटो अस्पष्ट आहे, पुन्हा पाठवा. पुन्हा काढला, ह्यावेळी टेकू लावून, व्यवस्थित. पाठवला. संध्याकाळी त्यांचं उत्तर आलं आणि ते मी जन्मात विसरणार नाही. 'पहिल्या फोटोत डाग मध्यभागी डावीकडे आहे व दुसऱ्या फोटोत वर उजवीकडे आहे. आपल्याकडे एकूण किती डाग आहेत?'

मी लिहिलं, एकच आहे.

आता तुम्हीच सांगा, तिकडे बसलेल्या माणसाने माझ्याबद्दल काय समजावं? मी उठून स्क्रीनकडे गेलो, आणि खरंच की, आधी 'घर'च्या डोक्यावर बसलेलं टिंब आता वर घड्याळाच्या दिशेला. जुन्या जागी काहीच नाही, स्वच्छ. मी चष्मा पुसला. स्क्रीन पुसली. स्क्रीन मायक्रोफायबरच्या कोरड्या फडक्याने, हलक्या हाताने पुसायची हं, काच पुसायचा स्प्रे थेट मारू नका, कोटिंग जातं. तर पुसली, टिंब जात नाही. म्हणजे वर नाही, आत आहे. मग मी डोकं हलवून बघितलं, ह्यात काही फरक नाही. म्हटलं चला, व्यंगच आहे.

तेवढ्यात भाची आली. ही ग्राफिकचं काम करते, दिवसभर स्क्रीनसमोरच असते. तिला म्हटलं, अगं बघ गं, हा डेड पिक्सेल जागा बदलतो. ती हसली नाही, तेच वाईट होतं. खुर्ची ओढून जवळ बसली, मोबाइलचा कॅमेरा मॅक्रोवर टाकून एकदम जवळून बघितलं आणि म्हणाली, "मामा, तुझ्या स्क्रीनचा एक पिक्सेल फार तर पाव मिलिमीटरचा. हा काळा डाग दीड मिलिमीटर लांब आहे. आणि तिरका आहे. पाच-सहा पिक्सेल असे ठरवून तिरक्या रांगेत मरतात होय?"

मी म्हटलं, मग काय आहे?

म्हणाली, "थांब, हलू नकोस."

आम्ही दोघं पांढऱ्या स्क्रीनकडे टक लावून बसलो. मिनिट गेलं असेल. आणि ते टिंब चाललं! अगदी शांतपणे, कुणाला घाई नाही अशा थाटात, अर्धा इंच पुढे गेलं आणि थांबलं. मॅक्रोत बघितलं तर बारीक पाय. किडा होता तो, श्रोतेहो. फुलकिडे म्हणतात तसला, एक-दोन मिलिमीटरचा, उजेडाकडे ओढला जाणारा, मागच्या हवेच्या फटीतून आत शिरलेला आणि पॅनल आणि त्यामागच्या उजेड पसरवणाऱ्या पातळ शीट ह्यांच्या मध्ये फिरायला निघालेला.

माझं बोट आपसूक पुढे गेलं. माणसाची जातच तशी, ठिपका दिसला की दाबायचा. भाची ओरडली, "मामा, दाबू नकोस!" आणि माझं बोट काचेपासून दोन बोटं अलीकडे थांबलं. कारण दाबला असता तर तो तिथेच चिरडून चिकटला असता, आणि मग खरोखरच कायमचं टिंब. त्या जागेच्या प्रत्येक अक्षरावर जन्मभर अनुस्वार.

हे मात्र दोनदा सांगतो. स्क्रीनच्या आत चालणारा ठिपका दिसला तर दाबू नका. दाबू नका, टिचकी मारू नका. मॉनिटर बंद करायचा, खोलीत अंधार करायचा आणि मॉनिटरच्या एका कडेजवळ टेबल लॅम्प लावून ठेवायचा. किडा उजेडाकडे जातो, बहुतेकदा आपणहून बाहेर पडतो. नाहीच पडला तर निदान कडेला तरी जातो. आम्ही तसंच केलं, रात्रभर लॅम्प.

त्या रात्री मला आणखी एक शोध लागला, तो म्हणजे मॉनिटर बंद करायचं बटण. ही बटणं मागच्या बाजूला खाली का देतात कुणी सांगेल का? आंधळ्यासारखं चाचपडायचं, बंद करायला जावं तर इनपुट बदलतो, इनपुट बदलायला जावं तर भाषा जर्मन होते. पुढे एक साधं बटण दिलं तर कुणाचं काय बिघडतं? त्यापेक्षा जुने जाडे मॉनिटर बरे होते, बटण समोर, दाबलं की टण्ण आवाज. असो, कुठे भरकटलो.

तेवढ्यात थोडं राहिलेलं सांगून घेतो, वेळ कमी आहे. खूपशा तक्रारी मॉनिटरच्या नसतातच. काळा रंग राखाडी, सगळं धुतल्यासारखं दिसतंय? एचडीएमआयवर कॉम्प्युटर मॉनिटरला टीव्ही समजतो आणि ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढेच रंग पाठवतो, ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये फुल रेंज करा. रंगीत अक्षरांच्या कडा फिसकटल्यात? तिथेच रंगाचा फॉरमॅट बघा, आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा, हवा. अक्षरं एकूणच धूसर? रिझोल्यूशन पॅनलचं मूळचं आहे ना ते बघा. १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, घेतला आणि फरक वाटत नाही? विंडोजमध्ये अजून ६० वरच असेल. मधेच स्क्रीन काळी होऊन परत येते? आधी केबल बदला, मग भांडा. व्हीए ह्या दुसऱ्या प्रकारच्या पॅनलवर अंधाऱ्या दृश्यात काहीतरी हललं की मागे काळी शेपूट राहते, तो त्याचा स्वभाव, त्याच्या बदल्यात काळा रंग आयपीएसपेक्षा कितीतरी गडद मिळतो. ओलेड ह्या तिसऱ्या प्रकारावर बारीक अक्षरांच्या कडेला रंगाची झाक दिसते, तेही त्याच्या पिक्सेलमधल्या लाल-हिरव्या-निळ्या भागांच्या मांडणीमुळे, बिघाड नाही. पण उभी किंवा आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ दिसली तर समजूत घालत बसू नका, ती व्यंगच, मॉनिटर परत करा.

आणि हो, कोपरे तपासायचे तर मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून मग. गार पॅनलवर निकाल देऊ नका.

सकाळी उठून मॉनिटर लावला. टिंब नव्हतं. मध्यभागी नाही, वर नाही, घड्याळापाशी नाही. लॅम्पच्या बाजूची कड तर मी दहा वेळा बघितली. बाहेर गेला की चौकटीखाली जाऊन बसला, काही कळायला मार्ग नाही. मग त्या सभ्य माणसाला तक्रार मागे घेतल्याचं कळवायचं होतं, तर कारण काय लिहावं ह्यावरच अर्धा तास गेला. शेवटी लिहिलं, 'डाग निघून गेला.' त्यांनी उत्तर दिलं, 'धन्यवाद, आपला दिवस चांगला जावो.'

हीच स्क्रिप्ट टाईप करताना परवा 'नाव'वर टिंब दिसलं, 'नांव'. हात कीबोर्डवरून उचलला, लॅम्प कुठे ठेवलाय ते आठवायला लागलो, आणि मग चाक फिरवून मजकूर वर सरकवला. टिंब शब्दाबरोबर वर गेलं. ते माझंच होतं. नमस्कार.