फोन बदला, पण माल आधी हलवा

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या कोल्हापुरात मिरजकर तिकटी असो की रंकाळ्याचा कट्टा, चार मंडळी जमली की फोनवरून दोन तट पडतातच. एक म्हणतो, आयफोनचा कॅमेरा लई भारी. दुसरा म्हणतो, तेवढ्या पैशात अँड्रॉइडचे तीन फोन येतात. दोघांचंही खरं. पण आजच्या फोनमधला माल उद्याच्या फोनमध्ये जाणार कसा, हे दोघंही विचारत नाहीत. अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जाणं सोपं, आयफोनवरून आयफोनवर त्याहून सोपं. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना खरी परीक्षा.

मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत्याची गोष्ट सांगतो. नाव कशाला, तात्या म्हणू. दसऱ्याला मुलानं पुण्याहून पैसे पाठवले, आयफोन घ्या म्हणाला. दिवाळी पाडव्याला गुळाचे मुहूर्ताचे सौदे, त्याआधी नवा फोन हाताखाली यावा हा हिशोब. तात्यांचा निम्मा धंदा व्हॉट्सॲपवर. गुऱ्हाळातून तीस किलोच्या रव्यांचे, म्हणजे गुळाच्या ढेपांचे फोटो यायचे, ते गुजरातच्या व्यापाऱ्याला रंग दाखवायला पुढे जायचे, दर ठरला की शेतकऱ्याला पट्टीचा, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठीचा फोटो. अनेक सालांची उधारी त्या गप्पांमध्ये.

दुकानातल्या पोरानं फोन सुरू करून देताना विचारलं, जुन्यातलं सगळं आत्ताच घ्यायचं का? तात्या म्हणाले, "आत्ता नको, बाहेर गाडी उभी आहे." पोरानं तो टप्पा सोडून पुढचं बटण दाबलं. घोळ तिथंच झाला.

घरी येऊन व्हॉट्सॲप घेतलं, नंबर टाकला, ओटीपी आला. आत पाटी कोरी. तात्यांनी भाच्याला हाक मारली.

"आरं, जुन्या फोनात रोज पहाटे दोनला बॅकअप होतोय. गेला कुठं मग त्यो?"

"मामा, त्यो गुगल ड्राइव्हवर हाय. आयफोनातलं व्हॉट्सॲप फक्त ॲपलच्या आयक्लाउडमध्ये बघतंय."

"म्हंजे ह्याचं त्याला उघडत न्हाई?"

"न्हाई."

"भाऊबंदकी तिथंबी हाय म्हणायची!"

तात्या जुना फोन एक्स्चेंजला द्यायचा म्हणून तो पुसायला निघालेच होते. भाच्यानं हात धरला. श्रोतेहो, हे दोनदा सांगतो. जुना फोन पुसायचा नाही. नव्यावर सगळं दिसेपर्यंत जुना फोन पुसायचा नाही. नंबर दुसरीकडे सुरू झाला की जुन्यातलं व्हॉट्सॲप बंद पडतं, पण गप्पा त्याच्या पोटात तशाच राहतात.

मग भाच्यानं काय केलं? जुन्या फोनवर तोच नंबर टाकून पुन्हा ओटीपी घेतला, गप्पा जशाच्या तशा उघडल्या. ओटीपी सारखा सारखा मागवू नका, व्हॉट्सॲप काही तास ताटकळत ठेवतं. मग नवा आयफोन कोरा केला: सेटिंग्ज, जनरल, खालच्या बाजूला ट्रान्सफर ऑर रीसेट, त्यात इरेज ऑल. मधल्या काळात आयफोनवर आलेले मेसेज त्यात गेले, त्याला इलाज नाही. कोरा का करायचा, तर अँड्रॉइडवरून व्हॉट्सॲप आणायची वाट आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच उघडते.

आता जुन्या फोनवर प्ले स्टोअरमधून मूव्ह टू आयओएस हे ॲप घेतलं. दोन्ही फोन चार्जरला लावले. आयफोन सुरू करताना अँड्रॉइडमधून आणा हा पर्याय निवडला, पडद्यावर आकडे आले, ते जुन्या फोनवर टाकले. काय काय न्यायचं त्या यादीत व्हॉट्सॲपवर खूण केली आणि स्टार्ट दाबलं. ही खूण राहिली तर नंबर, फोटो सगळं येतं आणि व्हॉट्सॲप तेवढं मागे राहतं. व्हॉट्सॲपनं माल बांधला, मग नेक्स्ट, कंटिन्यू.

इथंच पहिल्यांदा फसलं. मध्येच फोन वाजला, तात्यांनी उचलला, ॲप मागे गेलं आणि काम तुटलं. ते ॲप शेवटपर्यंत पडद्यावरच उघडं लागतं. दुसऱ्या वेळी भाच्यानं जुन्या फोनचा मोबाइल डेटा बंद केला आणि दोन्ही फोन देव्हाऱ्याशेजारी ठेवून तात्यांना चहाला बसवलं. चहा गुळाचाच. गूळ शेवटी, गॅस बंद करून घालायचा, नाहीतर दूध नासतं. हल्ली हॉटेलात साखरेच्याच चहाला गुळाचा म्हणून जादा पैसे लावतात, ती वेगळी तक्रार.

आयफोनच्या पडद्यावरची रेघ पूर्ण भरली, मग आयफोनवर ॲप स्टोअरमधून व्हॉट्सॲप घेतलं, तोच नंबर टाकला, स्टार्ट दाबलं. रवे आले, पट्ट्या आल्या, उधारी आली. फक्त व्हॉट्सॲपवरच्या कॉलची यादी आली नाही, ती येतच नाही. मग तात्यांनी त्या रात्रीपासून आयक्लाउडवर बॅकअप सुरू केला. हे आपोआप होत नाही, आपण सुरू करावं लागतं. आयक्लाउडवर फुकट जागा ५ जीबी, गुगलवर १५. गुड मॉर्निंगची फुलं आणि लग्नाचे व्हिडिओ आधी काढा. ती फुलं पाठवणाऱ्यांना दंड असावा असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीचं थोडक्यात. दोन सिमकार्डं वापरणाऱ्यांनी हे ऐकाच: आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक आयफोनांत प्लास्टिकचं सिम एकच बसतं, दुसरं ई-सिम, म्हणजे कार्डाविना फोनातच भरलेलं सिम करून घ्यावं लागतं. मेमरी कार्डाला खाचच नाही. अँड्रॉइडवर विकत घेतलेली ॲप आयफोनवर पुन्हा विकत घ्यावी लागतात.

जुना आयफोन घेत असाल तर सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ बघा आणि आधीच्या मालकाकडून त्याचं ॲपल खातं तुमच्यासमोर काढून घ्या. ते राहिलं तर फोन तुमच्या उपयोगाचा नाही. कुठलाही जुना फोन असो, स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर काढा. इंग्रजीत केवायएम (KYM) लिहून एक जागा सोडून तो १५ आकडी नंबर १४४२२ वर एसएमएस करा. ब्लॅकलिस्ट आलं तर तिथूनच परत फिरा.

आणि यूपीआय. नव्या फोनवर ते नव्यानं जोडावं लागतं, त्यासाठी बँकेत नोंदवलेल्या सिमवरूनच एसएमएस जातो. आयफोनवर तो आपोआप जात नाही, पाठवायचं बटण स्वतः दाबायचं. सिममध्ये एसएमएसपुरता बॅलन्स नसेल तर जोडणी अडते आणि लोक बँकेला शिव्या घालतात. जोडल्यावर पहिले २४ तास ५,००० रुपयांची मर्यादा, आयफोनवर बऱ्याच बँका ती ७२ तास ठेवतात. म्हणून सौद्याच्या आदल्या दिवशी फोन बदलू नका. चार दिवस आधी बदला, आणि तेवढे दिवस गल्ल्यात थोडी रोकड ठेवा.